काळ्या पाषाणावरचा पांढरा हट्ट

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की चांदबिबीच्या महालाचा डोंगर मागे पडतो, आणि करंजी घाट ओलांडून पुढे गेले की तिसगाव येते. या साऱ्या वाटेवर विहीर खोदा, डोंगर फोडा, निघणार तो काळा पाषाणच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांची ही देणगी. संगमरवराची जात वेगळी. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडीचे स्फटिक नव्याने घडतात, तेव्हा तो तयार होतो. तो आपल्याकडे येतो मकराण्याहून, राजसमंदहून किंवा गुजरातेतल्या अंबाजीहून, ट्रकात बसून. तरीही या भागातल्या गावांतून फेरफटका मारला तर बंगल्याच्या पोर्चचे खांब, देवघराची भिंत, मंगल कार्यालयाचा दर्शनी भाग, देवळाचा सभामंडप असा जागोजागी ‘संगमरवर’ भेटतो. त्यातला थोडा खरा, बराचसा छापील आणि काही हाताने रंगवलेला. प्रस्तुत लेख या हाताने रंगवलेल्या संगमरवराबद्दल आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे काम फसवणुकीचे नाही, कौशल्याचे आहे. पण आपल्याकडे ते बहुतेक वेळा वाईट होते, आणि त्याचा दोष रंगाला किंवा ब्रशला देता येत नाही. रंगवणाऱ्याने दगड नीट पाहिलेला नसतो, आणि रंगवून घेणाऱ्याला त्या पाहण्याचे पैसे द्यायचे नसतात.

या हौसेचा मराठी मुलखातला सर्वांत भव्य नमुना तिसगावापासून फार दूर नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सतराव्या शतकाच्या मध्यावर, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभा राहिला. अताउल्ला हा त्याचा वास्तुविशारद आणि हंसपत राय हा अभियंता. ताजमहाल उभारणारा उस्ताद अहमद लाहोरी हा अताउल्लाचा बाप. म्हणजे दगडाची पारख घरातलीच होती, अडचण पैशाची होती. मकबऱ्याचा खर्च 6,68,203 रुपये आणि 7 आणे अशी नोंद सांगितली जाते. ताजच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याकडे जात असताना त्याला संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या दिसल्या, आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एवढी वाहतूक करून आणलेला दगड कुठे लावायचा आणि कुठे नाही, याचा निर्णय तिथल्या कारागिरांनी फार विचाराने घेतला. माणसाची नजर आणि हात पोचतो त्या उंचीपर्यंत, म्हणजे खालच्या पट्ट्यात, खरा संगमरवर. त्याच्या वर घुमटाच्या पायापर्यंत आपलाच काळा पाषाण, त्यावर बारीक चुन्याचा घोटीव गिलावा. आणि घुमट पुन्हा संगमरवराचा, कारण लांबून पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. या मकबऱ्याला ताजची गरीब नक्कल म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो या व्यवसायाचा पहिला धडा वाटतो. हात लागतो तिथे खरा माल, नजर भिरभिरते तिथे नकल.

घोटीव चुना ही नुसती नकल नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चुना कळीच्या अवस्थेतून विरवायचा, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असली द्रव्ये घालायची, ही पद्धत आपल्या गडांवर आणि वाड्यांत सर्रास होती. चुन्याच्या घाणीची दगडी चाके आजही कितीतरी किल्ल्यांवर पडलेली दिसतात. शेवटच्या थरात चुन्याबरोबर संगमरवराची भुकटी मिसळून तो अकीकाच्या गोट्याने घासत राहिले की भिंत काचेसारखी चमकते. राजस्थानात याला आराइश म्हणतात आणि जयपूरकडचे कारागीर अजून ते करतात. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे घोटीव चुन्याची भिंत ही संगमरवराची चुलत बहीण ठरते. तैलरंगाने रंगवलेल्या भिंतीला हे नाते सांगता येत नाही. तिचा सगळा खेळ डोळ्यांचा आहे.

हा डोळ्यांचा खेळ जगात फार जुना आहे. पाँपेईच्या घरांतली सर्वांत जुनी भित्तिचित्रशैली म्हणजे गिलाव्यावर रंगाने उठवलेले संगमरवराचे ठोकळेच. इटलीतल्या कार्पी गावात सतराव्या शतकात जिप्सम, सरस आणि रंग यांचा लगदा घोटून ‘स्कालिओला’ नावाचा बनावट संगमरवर निघाला. इंग्लंडमध्ये बोल्टनचा टॉमस केर्शॉ हा रंगारी लाकूड आणि संगमरवर इतके हुबेहूब रंगवायचा की 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले. त्याने रंगवलेले नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवले आहेत. ब्रसेल्समध्ये तर 1882 पासून यासाठी शाळाच आहे. व्हान डेर केलेन-लोजलँ या तिच्या नावाला रंगाऱ्यांच्या जगात मोठा दबदबा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत विद्यार्थी तिथे एकेक दगड, एकेक लाकूड रंगवत बसतात. एका दगडाचा अभ्यास म्हणजे एक पूर्ण फलक, आणि प्रत्येक दगडाची वेगळी कृती पाठ.

आपल्याकडे हे शिक्षण नाटकाच्या पडद्यांनी दिले. संगीत नाटकाच्या काळात राजवाड्याचा पडदा हवा म्हणजे हवाच, आणि राजवाडा म्हटला की संगमरवरी खांब आले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, म्हणूनच लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. बाबूराव पेंटर पुढे चित्रपटाकडे वळले आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले फत्तेलाल प्रभात कंपनीत कलादिग्दर्शक झाले. कापडावरचा सपाट खांब जाऊन लाकूड, कापड आणि प्लास्टरचा गोल खांब आला, पण त्यावरच्या शिरा रंगाऱ्याच्याच हातच्या. ही परंपरा कर्जतच्या एन. डी. स्टुडिओपर्यंत येते. नितीन चंद्रकांत देसाई यांनी ‘जोधा अकबर’साठी तिथे उभा केलेला किल्ला प्लायवुड, प्लास्टर आणि रंग यांचाच होता, आणि पडद्यावर तो दगडाचा नाही असे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुण्यातल्या गणेशोत्सवात मंदिरांच्या प्रतिकृती दर वर्षी उभ्या राहतात, तीही याच हातांची कामे. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मंडपवाल्यांची तारांबळ उडाली खरी, पण रंगाऱ्याच्या दृष्टीने बरेच झाले. थर्माकोलवर टर्पेंटाइनचा रंग लावला की थर्माकोलच विरघळतो. त्यामुळे तिथे पाण्याच्या रंगावाचून गत्यंतर नव्हते आणि पाण्याच्या रंगात शीर मऊ करायला वेळच मिळत नाही. प्लायवर आणि कापडावर ती अडचण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पांढरा संगमरवर कधीच पांढरा नसतो, इथून सुरुवात. मकराण्याच्या फरशीचा तुकडा कोऱ्या कागदावर ठेवून पाहा. कागद पांढरा दिसेल, दगड किंचित करडा, कुठे पिवळसर. म्हणून बेस कोटच्या पांढऱ्यात थेंबभर काळा आणि थेंबभर पिवळी माती मिसळावी लागते. त्याआधी भिंतीला पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपरने घासाई, प्रायमर, पुन्हा घासाई. हात फिरवल्यावर एकही खडबडीतपणा जाणवता कामा नये, कारण घोटलेला दगड रवाळ नसतो. बेस कोट अर्धवट चकाकीचा हवा. मॅट भिंत रंग शोषून घेते आणि वरचा थर हलवायला जागाच राहत नाही.

वरचा थर म्हणजे या कामाचा जीव. तो पारदर्शक हवा. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो, स्फटिकांवर विखुरतो आणि मग बाहेर येतो, म्हणून तो दगड आतून उजळल्यासारखा दिसतो. भरीव रंगाचे फटकारे मारले तर हा उजेड मरतो आणि भिंतीवर नुसती नक्षी उरते. जुने लोक जवसाचे उकळलेले तेल, टर्पेंटाइन आणि चमचाभर रंग असे पातळ मिश्रण करत. आता पाण्यात मिसळणारे तयार ग्लेझ मिळते. हे मिश्रण भिंतीवर पसरायचे, ओले असताना कापडाच्या बोळ्याने किंवा चुरगाळलेल्या प्लॅस्टिकने जागोजागी उचलायचे, आणि मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने वरच्यावर पुसत धुरकट करायचे. परदेशात यासाठी बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा महागडा ब्रश वापरतात. इथे धुवून मऊ केलेल्या जुन्या रुंद ब्रशनेही भागते. हा ब्रश भिंतीवर टेकवायचा नाही, फक्त स्पर्शून जाऊ द्यायचा. शिकाऊ मुलाचे मनगट इथे ताठ होते, आणि दूर उभे राहून पाहिले तरी ते कळते.

मग शीर. नव्वद टक्के कामे शिरेवर बिघडतात. शीर म्हणजे दगडाला कधीतरी पडलेली भेग, आणि त्या भेगेत नंतर भरलेले दुसरे खनिज. चिकणमातीची किंवा कार्बनची करडी, लोहाची पिवळी-तांबूस. भेग कशी जाते हे ज्याने पाहिले आहे तो शीर चुकीची काढणार नाही. ती एका दिशेच्या ओढीने तिरकी चालते, मध्येच बारीक होते, थोडी फुगते, फुटते, पुन्हा मिळते. दोन शिरा सरळ फुलीसारख्या एकमेकींना कापत नाहीत, निदान तशा दिसू देऊ नयेत. नवशिका रंगारी मात्र अंतरा-अंतराने सारख्या जाडीच्या रेषा ओढतो, त्या प्रत्येकीला दोन-दोन फाटे फोडतो आणि भिंत नदी-नाल्यांच्या नकाशासारखी करून ठेवतो. यावर उपाय सोपा आहे. लांब केसांचा बारीक ब्रश किंवा पीस शेवटाला धरायचे, बोटांत फिरवत ओढायचे, हात थोडा थरथरू द्यायचा. ओढून झाली की शिरेची एक कड लगेच ब्रशने मऊ करायची आणि दुसरी तशीच धारदार सोडायची. त्यावर वाळल्यानंतर पातळ पांढऱ्याचा हात, म्हणजे काही शिरा आत दबतात आणि काही वर राहतात. खोली येते ती इथून. आणि शिरा थोड्याच काढायच्या. पाहणाऱ्याला दगड आठवावा, रंगारी नव्हे.

दुसरी गोष्ट सांध्याची. संगमरवर फरशीत येतो, अखंड भिंतीत कधीच येत नाही. म्हणून भिंतीवर आधी फरशीच्या मापाच्या चौकटी आखायच्या, एकेक चौकट वेगळी रंगवायची आणि शेवटी सांधा बारीक करड्या रेषेने दाखवायचा. शेजारच्या दोन फरशांच्या शिरा जुळता कामा नयेत, किंवा जुळवायच्या तर पुस्तकाची पाने उघडल्यासारख्या समोरासमोर. जिथे खरा दगड बसूच शकत नाही तिथे तो रंगवायचाही नाही. लाकडी दारावर, पत्र्याच्या पेटीवर किंवा पंख्याच्या पात्यावर संगमरवर पाहिला की हसू येते. एकाच कमानीवर अखंड शीर फिरवणे हाही तसाच प्रकार, कारण कमान ठोकळ्यांची असते आणि प्रत्येक ठोकळ्याची शीर निराळी असते.

हिरव्या आणि काळ्या दगडांची कृती वेगळी, उलट्या क्रमाची. राजस्थानातला केसरियाजीचा हिरवा दगड बाजारात संगमरवर म्हणून विकला जातो, पण तो खरे म्हणजे सर्पेंटाइन. काळसर हिरव्या बेसवर उजळ हिरव्याचे पारदर्शक डाग आणि त्यावर पांढऱ्या शिरांची जाळी. काळ्यावर पांढरी शीर काढताना चूक लपत नाही, म्हणून तो हात बसल्यावरच करावा. वार्निश शेवटी, आणि तेही बेताच्या चकाकीचे. इथे गिऱ्हाईक अडते. त्याला आरशासारखी भिंत हवी असते, आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात अशी भिंत प्लॅस्टिकची दिसते. तेलातले वार्निश काही वर्षांत पिवळे पडते, पाण्यातले पडत नाही. पांढऱ्यावर तरी पाण्यातलेच वापरावे.

परदेशातली पुस्तके वाचून तिसगावात काम करणाऱ्याला पहिला धक्का हवामानाचा बसतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी गाठतो आणि कोरडा वारा सुटतो. पाण्याचे ग्लेझ पसरून मऊ ब्रश हातात घेईपर्यंत ते वाळलेले असते. म्हणून काम सकाळी लवकर, एका वेळी एकच चौकट, खिडक्या बंद, आणि भिंतीवर आधी पाण्याचा हलका फवारा. तेलाच्या मिश्रणाला वेळ मिळतो, पण धुळीचा कण चिकटला की तो संगमरवरातला जीवाश्म होऊन बसतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. नव्या गिलाव्यातला ओलावा पुरता निघाला नसेल तर वर्षाच्या आत लोणा फुटतो आणि संगमरवराला पापुद्रे सुटतात. आणि मालक घाईत असतो. पाथर्डी तालुक्यातली कितीतरी घरे ऊसतोडीच्या पैशावर उभी राहिली आहेत. माणसे दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि हातात पैसा असताना घर उरकून वास्तुशांत करायची असते. अशा वेळी भिंत सुकू द्या म्हणून सांगणारा रंगारी कुणाला आवडणार?

त्यात आता शीटने बाजार खाल्ला आहे. आठ बाय चार फुटांची पीव्हीसीची मार्बल शीट सिलिकॉनने चिकटवली की अर्ध्या दिवसात भिंत तयार. मोरबीच्या टाइल्सवर तर इटालियन दगडाचे छायाचित्रच छापून येते. सपाट, मोठ्या, स्वस्तात उरकायच्या भिंतीवर हाताच्या कामाने या मालाशी स्पर्धा करू नये, ती हरलेली आहे. पण शीटची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे तिची छपाई पुनःपुन्हा येते. चार शीट शेजारी लागल्या की तीच शीर तेच वळण घेऊन चार वेळा दिसते. दुसरे, ती गोलाईवर आणि नक्षीवर बसत नाही, आणि समईच्या ज्योतीपाशी पिवळी पडते, मऊ होते. गोल खांब, कोनाडा, महिरप, जुन्या फरशीचा फुटलेला कोपरा, खऱ्या संगमरवराच्या पट्टीला जुळवून घ्यायचा वरचा भाग, या जागा आजही ब्रशच्याच आहेत. मकबऱ्याच्या कारागिरांनी जी वाटणी केली, तीच थोड्या फरकाने इथेही लागू पडते.

एका जागी मात्र हे काम करूच नये. मढी, वृद्धेश्वर, मोहटादेवी अशा देवस्थानांचा हा परिसर, आणि गावोगाव जुनी दगडी देवळे. वर्गणी जमली की जीर्णोद्धाराच्या नावाने काळ्या पाषाणावर ऑइलपेंटचा हात मारायचा, वर संगमरवराच्या शिरा काढायच्या, ही खोड राज्यभर आहे. दगडाच्या सांध्यांतून ओलावा आत-बाहेर होत असतो. तैलरंगाने ती वाट बंद होते, ओलावा आत कोंडतो आणि दगडाचा वरचा थर सुटू लागतो. रंग काढायला गेले तर कोरीव काम झिजते. शिवाय त्या शिल्पांवर कुणाच्या तरी छिन्नीचे काम आहे, ते आपण रंगाखाली गाडतो. सिमेंटच्या नव्या सभामंडपावर खुशाल संगमरवर रंगवा. गाभाऱ्याच्या दगडाला हात लावू नका.

आरोग्याचा विषय लोक हसण्यावारी नेतात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांहून जास्त नसावे, हा केंद्राचा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासताना निघणारी धूळ शिशाची असू शकते. तो पाणी लावून घासावा, तोंडाला रुमालाऐवजी चांगला मास्क बांधावा, आणि घरात लहान मूल असेल तर ते तिथे फिरकू देऊ नये. टर्पेंटाइनचे काम बंद खोलीत करताना दर थोड्या वेळाने बाहेर यावे. शिशाची धूळ मास्कने अडते, पण टर्पेंटाइनची वाफ साध्या मास्कला जुमानत नाही.

राहता राहिला मोबदला. हे काम चौरस फुटावर ठरवले की संपलेच. फुटावर पैसे मिळणारा रंगारी शिरा भराभर ओढणार, कारण त्याला फूट भरायचे असतात. सुताराला जशी आपण कोरीव कामासाठी हजेरी देतो तशी इथेही द्यावी, नाहीतर खांबागणिक ठरवावे. शिकायची सोय फार नाही. आयटीआयमध्ये पेंटरचा अभ्यासक्रम आहे, एशियन पेंट्ससारख्या कंपन्या आपल्या टेक्स्चरचे प्रशिक्षण देतात. पण ते प्रशिक्षण कंपनीच्या डब्यापाशी सुरू होऊन डब्यापाशीच संपते. मकराण्याचा तुकडा समोर ठेवून तो आठवडाभर रंगवत बसायला कुणी लावत नाही. हे तर कुणालाही घरी करता येण्याजोगे आहे. फरशीवाल्याकडे फुटलेले तुकडे फुकटात मिळतात. प्लायचा फूटभर तुकडा, बेस कोट आणि तो दगड, एवढ्यावर सराव होतो.

आणि घर बांधणाऱ्याला एक विनंती. रंगाऱ्याला मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘असे करा’ म्हणू नका. आधी दोन बाय दोन फुटांचा नमुना प्लायवर करून मागा, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि तो नमुना जिथे काम व्हायचे आहे तिथे उभा करून दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही उजेडांत पाहा. पसंत पडला तर त्याच माणसाला, त्याच्या वेळेने काम करू द्या. नाही पडला तर भिंतीला साधा पांढरा चुना द्या. तो वाईट संगमरवरापेक्षा शंभर पटींनी बरा दिसतो.